यादीतली आठवी ओळ

१

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर सकाळी अकराच्या सुमाराला एक आजोबा गेले. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. आजी शेजारी बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होत्या. त्यांना वाटलं, ऐकता ऐकता यांचा डोळा लागला. म्हणून त्यांनी आवाज जरा खाली आणला आणि उरलेली बातमी वाचून संपवली. खाटेला लावलेला औषधाचा पंप तेव्हाही चालूच होता. त्याने ना शिट्टी दिली, ना लाल दिवा लावला. सहा तासांत जायचं औषध त्याने पाऊण तासात आजोबांच्या शिरेत सोडलं होतं आणि पडद्यावर लिहिलं होतं, ‘सर्व ठीक’.

नवव्या दिवशी, मंगळवारी, पंप बनवणाऱ्या कंपनीतून चाळणबाईंना फोन आला.

चाळणबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बावीस वर्षं त्या तिथे प्रोग्रॅम तपासायच्या. चूक कितीही बारीक असो, बाईंच्या हातून सुटायची नाही, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. चार महिन्यांपूर्वी त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी अजून कुणालाही घेतलं नव्हतं.

पंप विभागाच्या साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि टाइप केलेलं एक पान पुढे सरकवलं. पंपातला दोष आजोबा जाण्याच्या महिनाभर आधीच लक्षात आला होता, असं त्यात लिहिलं होतं. पंप मध्येच थांबवून पुन्हा सुरू केला, की आधी गेलेले थेंब तो विसरायचा आणि ‘उशीर’ भरून काढायला वेग वाढवायचा. आजोबांची चादर बदलताना, कपडे बदलताना नर्सने पंप तीनदा थांबवला होता. हा दोष दुरुस्त करायचं काम ‘धाकटी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुण प्रोग्रॅमरकडे होतं. तिने ‘दुरुस्त केले’ म्हणून सही केली. पण दुरुस्ती केली ती जुन्या पंपाच्या प्रोग्रॅममध्ये. नवा पंप होता तसाच राहिला, आणि तो आता सगळीकडून परत मागवला होता. निष्कर्ष, मानवी चूक.

“शुक्रवारी चौकशी समिती येतेय,” साहेब म्हणाले. “तुमची सही पाहिली की कुणी पुढे विचारायचं नाही.”

“मी तर अजून काही पाहिलंच नाही.”

“पाहण्यासारखं काही नाहीच, बाई. पोरगी हुशार आहे, पण घाई नडली. नव्याऐवजी जुनं, एवढाच फरक.”

बाईंनी पान शेवटपर्यंत वाचलं. खाली सहीच्या जागेखाली शुक्रवारची तारीख आधीच टाकलेली होती. म्हणजे उत्तर तयार होतं, फक्त चौकशी व्हायची बाकी होती. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते पर्समध्ये टाकून उठल्या. पेन साहेबांचं होतं, हे जिना उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

२

धाकटी चाचणीच्या खोलीत बसली होती. तिथे तीस पंप भिंतीला रांगेने लावलेले होते आणि प्रत्येकाखाली बाटली होती. पाणी थेंब थेंब पडत होतं. एका वेळी कधीच नाही. एकाचा थेंब पडेपर्यंत दुसऱ्याचा सुटलेला असायचा. बाईंना हा आवाज बावीस वर्षं सवयीचा होता. आज तो कानात टोचत होता.

सव्वीस-सत्तावीसची असेल धाकटी. तिचा थोरला भाऊ याच कंपनीत. तो तिला ‘धाकटी’ म्हणे म्हणून सगळे म्हणत, आणि ती त्याला ‘दादा’ म्हणे म्हणून अख्खी कंपनी त्याला दादा म्हणे. आईवडील लवकर गेले. दादाने तिला शिकवलं, इथे चिकटवलं. नऊ दिवसांत तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

बाईंनी तिला पहिल्यापासून सांगायला लावलं. प्रोग्रॅम क्लासमध्ये विभागलेला असतो. एक क्लास म्हणजे एक कप्पा, एका कामाचा. थेंब मोजायच्या कप्प्याचं नाव ‘थेंबगणती’. या नावाचे कप्पे दोन होते, एक नव्या पंपाचा, एक जुन्याचा. क्लास ब्राउझरमध्ये सगळ्या कप्प्यांची यादी दिसते. ओळीवर टिचकी मारली की कप्पा उघडतो. यादीत नव्याची ओळ वर, जुन्याची तिच्या लगेच खाली, आणि प्रत्येक ओळीपुढे बारीक अक्षरात ‘नवा’ किंवा ‘जुना’. कप्पा उघडल्यावर मात्र वर नुसतं नाव दिसे.

“मी ‘नवा’ वाचूनच टिचकी मारली, बाई. ओळ मोजूनसुद्धा घेतली होती, आठवी. दोन्हींची नावं सारखी आहेत म्हणून मी नेहमी मोजते.”

दुरुस्ती करून तिने टेबलावरच्या पंपावर ती तपासलीही होती. दहादा थांबवला, दहादा सुरू केला. पंप एक थेंबही जास्त देत नव्हता. आता कळत होतं, की तो पंप जुन्या बनावटीचा होता. बाहेरून दोन्ही सारखेच दिसत.

“मग साहेब काय म्हणाले?”

“म्हणाले, तुला नीट आठवत नाही. मी त्यांना सांगितलं की टिचकी मारल्यावर ती ओळ पिवळी झालेली मी पाहिली. त्यांनी सगळ्यांसमोर यादी उघडून दाखवली. ओळ निळी होते. सगळ्यांच्याच संगणकावर निळी होते.” तिने बाईंकडे पाहिलं. “दादासुद्धा म्हणाला, विसर आता, चूक मान्य कर आणि मोकळी हो. बाई, मला वेड तर लागलं नाही ना?”

बावीस वर्षांतली शेवटची कित्येक बाईंनी त्या यादीसमोर काढली होती. ओळ पिवळीच व्हायची.

३

धाकटीची दुरुस्ती ज्याने मंजूर केली, त्याला ऑफिसात ‘जावई’ म्हणत, कारण तो स्वतःचा कपही कधी उचलत नसे. बाई समोर येऊन बसल्या तशी त्याची गाळण उडाली. अकरा ओळींची दुरुस्ती त्याने चार मिनिटांत मंजूर केली होती. ओळी बरोबर होत्या, हे तो शपथेवर सांगत होता. त्या कुठल्या कप्प्यात आहेत, हे मात्र त्याने पाहिलं नव्हतं.

“त्या दिवशी तू आणखी काय करत होतास?”

तो चाचरला. शिट्टीच्या आवाजासाठी एक नवा क्लास यादीत घातला होता, सकाळीच, साधारण त्याच वेळी. त्याचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे असं बाई म्हणाल्या नाहीत, नाही असंही म्हणाल्या नाहीत. नवा क्लास यादीत कुठे बसला, एवढंच विचारलं. अगदी वर, तो म्हणाला, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत.

“आणि यादीचा रंग कधी बदलला?”

“रंग? हां, निळा. मागच्या आठवड्यात, सोमवारी.” मग त्यालाच आठवलं. “रविवारी ते आजोबा गेले. सोमवारी सकाळी ऑफिसात आलो तर बातमी आलेली, आणि संगणक लावला तर यादी निळी.”

हा क्लास ब्राउझर बाहेरून आणलेला नव्हता. तो दादाने स्वतः लिहिला होता, आणि तो इतका चांगला होता की बाहेरच्या चाळीस कंपन्या तो वापरत होत्या. बाई दादाकडे गेल्या. त्याचं टेबल नेहमीसारखं लख्ख होतं. चाळिशीचा, शांत, मोजकं बोलणारा माणूस. बाईंना त्याने यादी दाखवली. नव्यावर टिचकी मारली, नवा उघडला. यादी बंद केली, पुन्हा उघडली, जुन्यावर टिचकी मारली, जुना उघडला. पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली. पाच वेळा दाखवलं, पाचही वेळा बरोबर.

“ती माझी बहीण आहे, बाई,” तो म्हणाला. “मला काय कमी वाईट वाटतंय? पण यंत्र खोटं बोलत नाही.”

आपल्या ब्राउझरमधल्या दोषांची नोंदवही त्याने न मागता उघडून दिली. प्रत्येक दोषाला संगणक आपोआप क्रमांक देई. बाईंनी बोट खाली सरकवत नेलं. दोनशे दहा. दोनशे अकरा. दोनशे तेरा.

“दोनशे बारा कुठंय?”

“माझ्याच हातून चुकून दोनदा बटण दाबलं गेलं असेल,” दादा म्हणाला. उत्तर पटण्यासारखं होतं. पण ते देताना त्याने उघडी असलेली यादी पुन्हा एकदा, काही कारण नसताना, बंद केली आणि उघडली.

४

बाईंना त्या हाताने बेचैन केलं. इतक्या जणांना त्यांनी ही यादी वापरताना पाहिलं होतं. सकाळी उघडली की ती दिवसभर उघडीच असे. जिन्याची एखादी पायरी मोडकी असली की घरातलं माणूस ती न पाहता ओलांडतं. पायरी दुरुस्त झाल्यावरही काही दिवस पाय तसाच पडतो. दादाचा हात काहीतरी ओलांडत होता.

आता रंग. सोमवारी सकाळी माणूस दगावल्याची बातमी येते. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. त्या सकाळी यादीचा रंग बदलत बसायला कुणाला सुचेल? ज्याला आणखी काहीतरी बदलायचं होतं आणि नोंदीत त्याला साधं नाव द्यायचं होतं, त्यालाच.

पण सगळ्यांच्या संगणकावर नवी आवृत्ती पोचली होती. जुनी यादी आता कुठे असणार? बुधवारी दुपारी बाई सामानाच्या खोलीत गेल्या. मोडक्या खुर्च्यांच्या मागे त्यांचा स्वतःचा संगणक होता, चार महिन्यांपूर्वी त्यांनी बंद केला तसाच. कोपऱ्यात अजून त्यांची चिठ्ठी चिकटलेली होती, ‘पुसू नये’. त्यांनी तो लावला. पडद्यावर प्रश्न आला, नवी आवृत्ती घ्यायची का? बाईंनी ‘नको’ दाबलं.

यादी उघडली. ओळ पिवळी झाली.

त्यांनी मोजलं, थेंबगणतीचा नवा कप्पा आता नवव्या ओळीत होता. यादी तशीच उघडी ठेवून त्यांनी जावयाला फोन केला आणि सांगितलं की तुझ्या जागेवरून कसलाही एक नवा क्लास घाल, यादीत सगळ्यांत वर येईल असा. अर्ध्या मिनिटात पडद्यावरची यादी हलली. सगळ्या ओळी एकेक घर खाली सरकल्या. नवा दहाव्या ओळीत गेला, जुना अकराव्या.

बाईंनी दहाव्या ओळीवर, ‘नवा’ या शब्दावर, टिचकी मारली. ओळ पिवळी झाली आणि कप्पा उघडला. थेंबगणती. त्यांनी आतल्या ओळी वाचायला घेतल्या. तिसऱ्या ओळीवरून त्या परत पहिलीवर आल्या.

उघडला होता तो जुना कप्पा.

५

गुरुवारी सकाळी त्यांनी धाकटीला त्याच खोलीत बोलावलं आणि कालपासून उघड्याच ठेवलेल्या यादीत तिलाच टिचकी मारायला लावली. तिने तीनदा मारली. मग ती खुर्चीवर मागे टेकली.

“किल्ल्यांचा फळा समज,” बाई म्हणाल्या. “खिळ्याखिळ्यावर किल्ली, वर खोलीच्या नावाची पाटी. मधे एक नवी पाटी आली, म्हणून सगळ्या पाट्या एकेक खिळा खाली सरकवल्या. किल्ल्या मात्र जिथल्या तिथे. तू पाटी वाचलीस ती बरोबर वाचलीस. हाती आली ती दुसऱ्या खोलीची किल्ली. यादी बंद करून उघडली की किल्ल्यापण जागेवर येतात, आणि पुन्हा सगळं ठीक.”

“जावयाने तेव्हाच नवा क्लास घातला होता.”

“हो, तू ओळ मोजल्यावर आणि टिचकी मारायच्या आधी. आठवीची नववी झाली. त्याला बिचाऱ्याला पत्ताही नाही.”

“पण मग आता हे का होत नाही? वर सगळ्यांच्या—” ती मधेच थांबली.

बाईंनी तिच्यापुढे सोमवारच्या आवृत्तीचा प्रोग्रॅम ठेवला. हे काम त्या स्वतः करू शकल्या असत्या. पण त्यांना वाटलं, हे तिने दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं. नोंद एका ओळीची होती, ‘यादीचा रंग बदलला’. आत रंग बदलण्याची एक ओळ होती. आणि आणखी चौदा ओळी होत्या, ज्यांचा रंगाशी काही संबंध नव्हता. पूर्वी यादी ओळीच्या क्रमांकावरून कप्पा शोधायची. आता नाव आणि पत्ता पाहून शोधत होती.

धाकटी वाचत खाली गेली. चौदाव्या ओळीच्या शेवटी, प्रोग्रॅम लिहिणारे स्वतःसाठी खूण करतात तशी, एक खूण राहून गेली होती. फक्त आकडा. २१२.

“ही त्याची सवय आहे,” ती हळूच म्हणाली. “दुरुस्ती केली की दोषाचा क्रमांक शेजारी लिहायचा. मलाही त्यानेच शिकवलं.”

दोनशे अकराची तारीख आजोबा जाण्याच्या पाच आठवडे आधीची होती, दोनशे तेराची त्यानंतर दोन दिवसांची. म्हणजे धाकटीने दुरुस्ती केली त्याच्या आठवडाभर आधीच कुणीतरी हा दोष पाहिला होता आणि वहीत नोंदवला होता. ती वही एकच माणूस लिहायचा, आणि खोडूही तोच शकायचा.

धाकटी उठली. “मी येते तुमच्याबरोबर.”

६

दादा चाचणीच्या खोलीत होता. साहेबही तिथे आले होते. सही झाली का, विचारायला. बाईंनी एकेक गोष्ट मांडली, आवाज न चढवता. रंग, वही, बंद करून उघडणारा हात, आणि चौदाव्या ओळीतला आकडा. दादाने एकदाही नाही म्हटलं नाही. तीस पंप पाणी सोडत राहिले.

“मीच नोंदवला होता,” शेवटी तो म्हणाला. “मलाच सापडला. क्वचित होणारी गोष्ट, पुढच्या महिन्यात बघू म्हणून ठेवला. मग आजोबांची बातमी आली आणि मी धाकटीचा बदल उघडून पाहिला. पाहताक्षणी कळलं.”

“आणि मला म्हणालास चूक मान्य कर,” धाकटी म्हणाली.

“तू लहान आहेस. एक चूक झाली, वर्षभरात लोक विसरले असते, दुसरीकडे लावून दिलं असतं तुला. पण ब्राउझर खोटा निघाला, तर त्यातून झालेलं प्रत्येक काम खोटं ठरतं. चाळीस कंपन्यांचं.” त्याने तिच्याकडे पाहिलं. “मी हिशोब मांडला गं.”

“त्या हिशोबात ते आजोबा कुठे होते?”

तो पंपांकडे पाहू लागला.

साहेबांना मात्र वाचा फुटली. हे सगळं रीतसर करू, पण शुक्रवार जाऊ दे, समितीसमोर एकदम एवढं नको, असं ते म्हणू लागले. बाईंनी त्यांना मधेच थांबवून दादाला विचारलं, “हा दोष यादीत आला कधी?”

“आठ महिन्यांपूर्वी.”

“आठ महिन्यांत या इमारतीत अशा किती दुरुस्त्या चुकीच्या कप्प्यात गेल्या?”

हा प्रश्न दादाने इतके दिवस स्वतःला विचारला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. किंवा विचारला होता आणि उत्तर शोधायची हिंमत केली नव्हती.

धाकटीने खुर्ची ओढली आणि जावयालाही बोलावून घेतलं. सारख्या नावाचे कप्पे कुठले, ते दादाने सांगायचं. त्यांतले बदल धाकटीने उघडायचे. ज्या मिनिटाला बदल झाला त्याच्या जरा आधी कुणी यादीत काही घातलं होतं का, ते जावयाने पाहायचं. भाऊ-बहीण शेजारी बसून काम करत होती आणि कामापलीकडे एक शब्द बोलत नव्हती. दुपारी दोनपर्यंत पंपाशिवाय आणखी दोन सापडल्या. पहिली निरुपद्रवी होती, एका बटणावरचं अक्षर. दुसरी वाचून धाकटीचा हात थांबला.

कंपनीच्याच दुसऱ्या विभागात बनणारी, नवजात बाळांना ठेवायची काचेची पेटी. ऊब ठरलेल्या अंशावर गेली की बंद व्हावी, यासाठीची दुरुस्ती. तीही जुन्या कप्प्यात पडली होती. नव्या पेट्या अकरा हॉस्पिटलांत होत्या.

साहेब म्हणाले, आधी वर कळवूया. बाईंनी तोवर फोन उचलला होता. एकेका हॉस्पिटलला लावून त्या एकच गोष्ट सांगत होत्या, पेटी बंद करा, बाळ दुसरीकडे हलवा, कारण नंतर विचारा. सातव्या ठिकाणी नर्सने थांबायला सांगितलं आणि फोन तसाच टेबलावर ठेवला. पावलं लांब गेली. दार वाजलं. मग बराच वेळ काहीच नाही. बाईंनी फोन कानाशी इतका दाबून धरला होता की कान लाल झाला. धाकटी त्यांच्या तोंडाकडे पाहत उभी होती.

नर्स परत आली. बाळाचं अंग तापलं होतं, श्वास भरभर चालला होता, पण बाळ ठीक होतं. सगळ्यांनी ताप समजला होता. तुम्हाला तिथे बसून कसं कळलं, असं ती विचारत होती. बाई आठवा नंबर लावू लागल्या.

शुक्रवारी समितीला बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलेली सहा पानं दिली. दादाने शेवटच्या पानावर सही केली आणि तिथूनच तो समितीच्या माणसांबरोबर गेला. दारात त्याने मागे वळून पाहिलं. धाकटीने मान खाली घातली नाही, पण हातही हलवला नाही. साहेबांची बदली झाली, आणि तपासनीसाच्या रिकाम्या जागेची जाहिरात त्याच आठवड्यात निघाली.

आजींना भेटायला बाई आणि धाकटी दोघी गेल्या. धाकटीने सगळं सांगितलं, काही न लपवता. आजींना क्लास आणि यादी काही समजलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की त्यांना दुखलं असेल का? डॉक्टर म्हणाले होते, नाही. झोपच लागत गेली असेल. धाकटीने ते सांगितलं, आणि मग रडली ती धाकटी. आजींनी तिला पाणी दिलं.

ब्राउझर आता धाकटी सांभाळते. तिला तो नकोसा होता, पण तो आतून ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. चाळीस कंपन्यांना तिने स्वतः पत्रं लिहिली. आठ महिन्यांत सारख्या नावाच्या कप्प्यांत केलेली प्रत्येक दुरुस्ती पुन्हा उघडून पाहा, आणि पाहिल्याचं कळवा. कुणी लिफ्ट बनवतं, कुणी रेल्वेचे सिग्नल, कुणी आणखी काही. एकतीस जणांची उत्तरं आली. उरलेल्या नऊ जणांना ती दर सोमवारी सकाळी फोन लावते, घंटा पूर्ण वाजू देते, आणि मग पुढचा नंबर फिरवते.